रोमँटिक बॅलेचे ते पांढरे झगे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जिझेल किंवा ला सिल्फीद या जुन्या बॅलेंचा, म्हणजे युरोपियन नृत्यनाटकांचा, व्हिडिओ बघितला की लोक नाचाचं कौतुक करतात आणि ते बरोबरच आहे, पण माझं लक्ष दरवेळी आधी झग्याकडे जातं. तो पोटरीपर्यंतचा पांढरा झगा दिसतो इतका हलका की जणू त्याला काही कष्टच पडले नसतील, आणि त्याच्यामागे मात्र गिरण्या आहेत, गॅसचे दिवे आहेत, बुटांना टाके घालत बसलेल्या मुली आहेत आणि त्याच झग्यात भाजून गेलेल्या मुलीही आहेत. या विषयावर बोलायला लागलं की जे प्रश्न येतात त्यांची उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे पान.

रोमँटिक काळ म्हणजे नेमका कुठला?

बॅलेपुरतं बोलायचं तर साधारण १८३० ते १८५०, आणि मुख्य गाव पॅरिस. पाठोपाठ लंडन, कोपनहेगन, मिलान, व्हिएन्ना, सेंट पीटर्सबर्ग. १८३० ला फ्रान्समध्ये क्रांती झाली, नवा राजा आला, आणि १८३१ मध्ये पॅरिस ऑपेराचा कारभार लुई वेरों नावाच्या माणसाकडे गेला. हा माणूस शिकलेला डॉक्टर, पण धंद्याची जाण जबरदस्त. पैसेवाल्या मध्यमवर्गाला काय बघायला आवडतं ते त्याला कळायचं. परीकथा, भुतं, चांदणं, परदेशी गावं, असलं सगळं स्टेजवर यायला लागलं ते याच सुमारास.

त्याआधी नाचणाऱ्या बायका काय घालायच्या?

अठराव्या शतकात दरबारी पोशाखच थोडा बदलून स्टेजवर यायचा. कमरेच्या दोन्ही बाजूंना सांगाडे लावून फुगवलेला घागरा, जड ब्रोकेड, टाचेचे बूट, विग, कधी मुखवटासुद्धा. पाय दिसायचेच नाहीत. मारी कामार्गो नावाच्या नर्तकीने घागरा घोट्याच्या वर आणला कारण तिला हवेत पाय फिरवण्याची करामत यायची आणि ती लोकांना दिसायला हवी होती, साधं कारण आहे. तिचीच समकालीन मारी साले, तिने १७३४ मध्ये लंडनला पिग्मॅलियन हा बॅले केला तेव्हा ते सांगाडे काढून टाकून साधा मलमलचा झगा घातला आणि केस मोकळे सोडले. लोकांना धक्काच बसला.

मग फ्रेंच राज्यक्रांतीनंतर ग्रीक पुतळ्यांसारखे अंगासरशी झगे आले, टाचा गेल्या, सपाट चपट्या सपाता आल्या, आतून विणलेले घट्ट मोजे आले. म्हणजे रोमँटिक झगा आकाशातून पडला नाही, त्याची जमीन शंभर वर्षं तयार होत होती.

१८३२ ला एवढं काय झालं?

१२ मार्च १८३२, पॅरिस, ल पलेतिए रस्त्यावरचं ऑपेराचं थिएटर, आणि ला सिल्फीदचा पहिला प्रयोग. नृत्यरचना फिलिप्पो ताल्योनीची, मुख्य भूमिका त्याच्याच मुलीची, मारी ताल्योनीची. गोष्ट स्कॉटलंडमधली आहे, जेम्स नावाच्या तरुणाचं लग्न ठरलंय आणि लग्नाच्या दिवशीच त्याला एक वनपरी दिसते, तो तिच्या मागे जंगलात जातो आणि सगळंच गमावतो. पोशाखांचं काम चित्रकार यूजीन लामीकडे होतं आणि नेपथ्य सिसेरीचं.

मारीचा पोशाख असा: खांदे उघडे टाकणारी घट्ट चोळी, खाली पांढऱ्या तलम कापडाचा घंटेच्या आकाराचा घेर, पोटरीच्या मध्यापर्यंत. पाठीवर दोन छोटे पंख. डोक्यात फुलांचं कडं, गळ्यात आणि मनगटात मोती, फिकट गुलाबी मोजे, सॅटिनच्या सपाता. केस मधोमध भांग पाडून कानांवरून खाली नेलेले. बस एवढंच. कुठे जर नाही, भरतकाम नाही, रंग नाही.

आता नीट पाहिलं तर यातला एकेक तुकडा आधीपासून होता. तलम पांढरं कापड होतं, उघडे खांदे आणि घंटेसारखा घेर तर त्या वेळच्या पॅरिसमधल्या पार्टीच्या फॅशनचेच होते, चवड्याच्या टोकावर उभं राहणं तिच्याआधी जिनेव्हिएव गोसेलँ, अमालिया ब्रुन्योली वगैरे करत होत्या. पण ते टोकावर उभं राहणं तोवर एक कसरत म्हणून केलं जायचं, खांदे ताणून, दम लावून. मारीने ते असं केलं की ही बाई जमिनीवर उभीच नाहीये असं वाटावं, आणि झगा त्याच एका गोष्टीसाठी कापलेला होता. मला वाटतं नाच आणि कपडा इतका एकजीव झाल्याचं दुसरं उदाहरण शोधूनही पटकन सापडणार नाही.

पोटरीपर्यंतच का? ना धड लांब, ना धड आखूड.

कारण त्या लांबीत दोन्ही कामं होतात. पावलं आणि घोटे दिसतात, त्यामुळे बारीक जलद पदन्यास दिसतो, आणि गुडघे-मांड्या झाकलेल्या राहतात त्यामुळे उडी मारण्याआधी गुडघे किती वाकले, जोर कुठून लावला हे दिसत नाही. जोर दिसला नाही की प्रेक्षकाला वाटतं ती आपोआप वर गेली.

आणि एक गंमत नीट बघा, व्हिडिओ थोडा स्लो करून बघा हवं तर. उडी संपून पाय जमिनीला टेकतात तेव्हा घेर अजून वरच असतो, थरांमध्ये हवा भरलेली असते, तो हळूहळू खाली बसतो. त्यामुळे डोळ्याला वाटतं की ती अजून उतरतेच आहे. पाय उतरलेत, पण ती उतरलेली नाही! हा परिणाम जड कापडात मिळत नाही आणि अगदी आखूड कडक झग्यातही मिळत नाही.

पांढराच का?

गोष्टीच्या बाजूने बघितलं तर परी, भूत, मेलेली नवरी, जोगीण, या सगळ्यांना युरोपात पांढरा रंग चालतो. नवरीचा झगाही पांढरा आणि कफनही पांढरंच.

पण मला त्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं ते दिव्यांचं कारण. पॅरिस ऑपेरात १८२२ मध्ये गॅसचे दिवे आले. त्याआधी तेलाचे दिवे आणि मेणबत्त्या, त्यांचा उजेड पिवळट आणि कमी-जास्त करायला अवघड. गॅस नळाने येतो, एका ठिकाणाहून तोटी फिरवली की अख्खं स्टेज मंद करता येतं. नोव्हेंबर १८३१ मध्ये मायरबेरच्या रोबेर ल दियाब्ल या ऑपेरात एक दृश्य होतं, पडका मठ, चांदणं, आणि थडग्यांमधून उठून नाचणाऱ्या पांढऱ्या कपड्यातल्या जोगिणी. त्यांची मठाधिपती झाली होती मारी ताल्योनीच. तो मंद उजेड आणि तो पांढरा रंग एकत्र आले आणि लोक थक्क झाले, आणि चारच महिन्यांनी ला सिल्फीद आलं. मंद उजेडात लाल-निळं काळपट दिसतं, पांढरं मात्र उजेड धरून ठेवतं. शिवाय तलम कापडाचे थर असले की कडा धूसर होतात, अंग कुठे संपलं आणि हवा कुठे सुरू झाली हे कळत नाही.

कापड कुठलं होतं? आपली ढाक्याची मलमल होती का?

हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो. मलमलचा मान युरोपात बंगालमुळेच होता हे खरं, ढाक्याच्या मलमलीसाठी अठराव्या शतकात तिथले श्रीमंत वेडे झाले होते. पण १८३० पर्यंत चित्र उलटं झालेलं. लँकेशायर आणि ग्लासगोच्या बाजूच्या गिरण्या स्वतः मलमल काढत होत्या, फ्रान्समध्ये लियोंजवळचं तारार गाव त्यासाठी प्रसिद्ध होतं, आणि ढाक्याचे विणकर देशोधडीला लागले होते. म्हणजे स्टेजवर आपल्या कापडाची कल्पना होती, पण कापड गिरणीचं होतं. हे वाचताना मला दरवेळी वाईट वाटतं.

मलमल, गॉझ, मग टार्लटन आणि ट्यूल अशी सगळी कापडं वापरात होती. टार्लटन म्हणजे विरळ विणीचं सुती कापड, खळ देऊन कडक केलेलं. दिसायला छान फुगतं पण पाणी लागलं की खळ जाते आणि त्याचं फडकं होतं, त्यामुळे धुण्याची सोय जवळजवळ नाहीच. ट्यूल म्हणजे षट्कोनी छिद्रांची जाळी, आपल्या मच्छरदाणीचं अतिशय नाजूक भावंड म्हणा. ही जाळी पूर्वी बायका हाताने करायच्या, बोटभर कापडाला तासन् तास. जॉन हीथकोट या इंग्रज माणसाने १८०८-०९ च्या सुमारास ती मशीनवर विणायची युक्ती काढली. १८१६ मध्ये लफबरोच्या त्याच्या कारखान्यात घुसून कामगारांनी ५० पेक्षा जास्त यंत्रं फोडली, मग तो सगळं उचलून डेव्हनमधल्या टिव्हर्टनला गेला. जाळी स्वस्त झाली ती त्यानंतर.

पांढरं शुभ्र करणंही स्वस्त झालेलं होतं. आधी कापड महिनोन् महिने शेतात उन्हात पसरून ठेवायचे. १७९९ मध्ये ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटने ब्लीचिंग पावडरचं पेटंट घेतलं आणि ते काम झटपट व्हायला लागलं. २०-२५ मुलींच्या रांगेला एकसारखं पांढरं नेसवायचं आणि ते मळलं की बदलायचं हे खर्चाच्या दृष्टीने आधी शक्यच नव्हतं. त्या वनपरीच्या झग्यावर गिरणीच्या चिमणीचा धूर आहे असं मी म्हणते ते यासाठी.

झग्याच्या आत काय असायचं?

चोळीला आतून अस्तर आणि व्हेलमाशाच्या जबड्यातल्या लवचिक पट्ट्या, त्यांनी कंबर आवळलेली, मागून नाडीने कसलेली. म्हणजे त्या हवेत तरंगणाऱ्या परीला खोल श्वास घेणंसुद्धा कठीण. खाली खळ दिलेले एकावर एक घागरे, सगळ्यात वरचा थर सगळ्यात तलम. पायात विणलेले घट्ट मोजे, कमरेपर्यंत. १८४० नंतर चोळीचं टोक पुढे खाली व्ही आकारात यायला लागलं, कारण बाहेरची फॅशन तशी झाली.

ते कडक टोकाचे पॉइंट शूज तेव्हाच आले ना?

नाही. आजच्या पॉइंट शूजमध्ये टोकाला कापड, कागद आणि गोंद यांचे थर देऊन कडक खोकं केलेलं असतं आणि तळव्याखाली कडक पट्टी. ताल्योनीच्या काळात यातलं काहीच नव्हतं. मऊ सॅटिनची सपाता, तळाला चामड्याची पातळ पट्टी, आणि घोट्याला बांधायच्या रिबिनी. आधार द्यायला काय, तर सुई-दोरा. टोकाच्या खाली आणि दोन्ही बाजूंना दाट टाके घालायचे, रफू करतात तसे, म्हणजे सॅटिन लवकर फाटत नाही आणि जमिनीवर थोडी पकडही मिळते. काही संग्रहालयांत त्या काळच्या सपाता आहेत, त्यांचे फोटो मोठे करून बघा, टाके स्पष्ट दिसतात, अगदी एकाला एक लागून. बाकी सगळा भार पायाच्या बोटांवर आणि घोट्यांवर. म्हणून तेव्हा टोकावर क्षणभर चढून लगेच उतरायच्या, आजच्यासारख्या टोकावर ३२ गिरक्या वगैरे प्रश्नच नव्हता.

मारीला हे जमलं कारण वडिलांनी व्हिएन्नात पदार्पणाआधी तिच्याकडून रोज सहा-सहा तास करून घेतलं होतं. अशा सपाता एक-दोन प्रयोगांतच निकामी व्हायच्या.

रशियातल्या चाहत्यांनी तिची एक सपाता लिलावात घेऊन शिजवून खाल्ली अशी एक गोष्ट सगळीकडे सांगतात. ती दंतकथा म्हणूनच घ्या. पण ती १८३७ ते १८४२ रशियात नाचत होती आणि तिथे तिचं प्रचंड वेड होतं हे मात्र खरं.

पंख खरंच हलायचे का? आणि त्या उडायच्या कशा?

पंखांना कथेत काम आहे. शेवटी जेम्स तिला एक जादूची ओढणी गुंडाळतो आणि तिचे पंख गळून पडतात, ती मरते. म्हणजे ते प्रेक्षकांसमोर सुटून पडायला हवेत, तेही योग्य क्षणाला, म्हणून जोडणी तशी सैल करावी लागते. आजही करतात.

उडायला तारा. शार्ल दिद्लोने १७९६ मध्येच लंडनला तारांवरचं उड्डाण दाखवलं होतं. ला सिल्फीदमध्ये तर दुसऱ्या अंकात परींची झुंडच हवेतून जायची. चोळीखाली पट्टा, पट्ट्याला तार, वर कप्पी. तार मधेच अडकली तर मुलगी वर लटकून राहायची, आणि हे काम बहुतेक वेळा लहान आणि हलक्या मुलींकडे जायचं, म्हणजे सगळ्यात कमी पगाराच्या. पोस्टरवर नाव कुणाचं आणि धोका कुणाला!

सगळ्याच पांढरं घालायच्या का?

अजिबात नाही आणि हा गैरसमज खूप आहे. फानी एल्सलर घ्या. १८३६ मध्ये ल दियाब्ल बुआतो या बॅलेत तिने काचुचा हा स्पॅनिश नाच केला: गुलाबी सॅटिनचा झगा, त्यावर काळ्या लेसच्या झालरी, केसात मोठा कंगवा, हातात कॅस्टनेट. पांढरं काही नाही, परी-बिरी नाही, पाय घट्ट जमिनीवर. पॅरिस वेडं झालं. लेखक तेओफिल गोतिएने तर सरळ वाटणी करून टाकली, ताल्योनी ख्रिस्ती नर्तकी आणि एल्सलर मूर्तिपूजक नर्तकी, म्हणजे एक आत्म्याची आणि एक देहाची. त्याची वाटणी मला पूर्ण पटत नाही, पण पोशाखाच्या बाबतीत ती चपखल बसते. एल्सलर हाच पोशाख घेऊन १८४० ते ४२ अमेरिकेत फिरली.

शिवाय त्या काळच्या बहुतेक बॅलेचा पहिला अंक रंगीत असतो, गावातला, शेतकऱ्यांचा, टार्टनचे चौकडे, एप्रन, रिबिनी. दुसरा अंक पांढरा. तो रंग आधी डोळ्यात भरलेला असतो म्हणून पुढचं पांढरं अंगावर येतं. सिल्फीदमध्ये जेम्सची होणारी बायको एफी रंगीत कपड्यात आहे आणि परी पांढऱ्यात, म्हणजे जेम्सपुढची निवड काय आहे ते एकही शब्द न बोलता कळतं.

जिझेलमध्ये वेगळं काय केलं?

जिझेल आलं २८ जून १८४१ ला, कार्लोटा ग्रिसी मुख्य भूमिकेत, कथा गोतिए आणि सां-जॉर्जची, संगीत आदोल्फ आदामचं, पोशाख पोल लोर्मिएचे. लोर्मिए ऐतिहासिक अचूकतेबद्दल काटेकोर माणूस. दुसऱ्या अंकात विली येतात, लग्नाआधीच मेलेल्या नववधूंची भुतं, रात्री जंगलात सापडलेल्या पुरुषाला मरेपर्यंत नाचायला लावणाऱ्या. नवरीचे कपडे घालूनच त्या पुरलेल्या, म्हणून पांढरा झगा आणि डोक्यावर तलम जाळीचा पदर. आजच्या प्रयोगांत तो पदर एका क्षणी झटकन गायब होतो, बारीक दोऱ्याने बाजूच्या विंगेत ओढून घेतात. चेहरा झाकलेलं भूत एकदम मुलगी होतं. साधी युक्ती आहे पण दरवेळी अंगावर काटा येतो.

एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. मूळ संहितेत सगळ्या विली एकसारख्या नव्हत्या, त्यांच्यात एक तुर्की जनानखान्यातली आणि एक भारतीय नर्तकी होती. पुढे ते गळलं आणि सगळ्या एकाच साच्यातल्या पांढऱ्या झाल्या.

म्हणजे भारताचा खरा संबंध होता?

होता, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. १८३० मध्ये ताल्योनीने ल द्यू ए ला बायादेर या ऑपेरा-बॅलेत बायादेरची, म्हणजे भारतीय नर्तकीची, भूमिका केली, युरोपियन घेरदार झग्यातच. आणि १८३८ मध्ये पाँडिचेरीजवळच्या तिरुवेंदिपुरमच्या खऱ्या देवदासी पॅरिसला पोचल्या. त्यातल्या अमनीबद्दल गोतिएने भरभरून लिहिलं. ज्या लोकांनी बायादेर म्हणजे पांढरी तरंगणारी बाई असं डोक्यात बसवलं होतं त्यांच्यासमोर दागिन्यांनी मढलेल्या, घुंगरू बांधलेल्या, अनवाणी पाय जमिनीवर आपटणाऱ्या बायका उभ्या राहिल्या. शिल्पकार बार याने ताल्योनी, एल्सलर आणि अमनी या तिघींचेही छोटे पुतळे केले. ते तिन्ही शेजारी ठेवून बघितले तर त्या दशकाचा पोशाखाचा इतिहास तिथेच दिसतो.

पुरुषांचं काय?

पुरुषांचे कपडे कथेप्रमाणे, किल्ट, अंगरखा, घट्ट मोजे. त्यांच्याकडे बघायला कुणाला वेळच नव्हता. ज्यूल पेरो, ल्युसिएँ पेतिपा यांच्यासारखे चांगले नर्तक होते, पण प्रेक्षक मुख्यतः नायिकेसाठी यायचे, आणि पॅरिसमध्ये पुढे पुढे नायकाची भूमिकासुद्धा बाईच पुरुषी कपडे घालून करायला लागली. १८७० च्या कोपेलिया या बॅलेत नायक फ्रांझ झाली होती यूजेनी फिओक्र.

या झग्यांना आग लागायची हे खरं आहे का?

खरं आहे, आणि हा भाग लिहिताना हात जड होतो, पण टाळू नये. विरळ सुती कापड, थरांमध्ये भरपूर हवा, आणि दोन हातांवर गॅसच्या उघड्या ज्योती. पेटायला याहून सोयीचं काही नाही.

१४ डिसेंबर १८४४, लंडनचं ड्रुरी लेन थिएटर. क्लारा वेबस्टर नावाची तरुण नर्तकी भर प्रयोगात स्टेजवरच्या दिव्याजवळून गेली आणि तिच्या झग्याने पेट घेतला. बाकीच्या मुली जवळ जाऊ शकत नव्हत्या कारण त्यांनीही तेच कापड घातलेलं होतं. काही दिवसांतच ती गेली. १८६१ मध्ये फिलाडेल्फियाच्या काँटिनेंटल थिएटरमध्ये कपडे बदलण्याच्या खोलीत गॅसच्या दिव्यावर एकीचा झगा पेटला, एकीकडून दुसरीकडे आग गेली आणि किमान सहा मुली मेल्या, त्यात गेल घराण्यातल्या बहिणी होत्या.

आणि एमा लिव्री. ती ताल्योनीची लाडकी शिष्या, १८५८ मध्ये सोळाव्या वर्षी ला सिल्फीदमध्येच पदार्पण. ताल्योनीने तिच्यासाठी ल पापियों हा बॅले रचला, १८६० मध्ये, संगीत ऑफेनबाखचं. त्यात ती फुलपाखरू असते आणि मशालीच्या ज्योतीत तिचे पंख जळतात. दोन वर्षांनी, १५ नोव्हेंबर १८६२ ला, पॅरिस ऑपेरातच एका तालमीत तिने बसताना घेर चुरगळू नये म्हणून तो झटकून वर केला आणि तो गॅसच्या ज्योतीला लागला. ती पेटलेल्या झग्यात स्टेजभर धावली. एका अग्निशामक जवानाने तिला ओल्या घोंगडीत गुंडाळलं. त्यानंतर आठ महिने ती यातनेत जगली आणि २६ जुलै १८६३ ला गेली. वय २०.

पण तिने तर अग्निरोधक कपडा घालायला नकार दिला होता ना? मग चूक तिचीच.

हे वाक्य मी खूपदा ऐकलंय आणि दरवेळी मला ते लागतं. नकार दिला होता हे खरं. कार्तरों नावाच्या माणसाची कापडावर क्षारांचं द्रावण बसवायची पद्धत होती आणि १८५९ मध्ये सरकारी हुकूमही निघाला होता. पण त्या प्रक्रियेने कापड कडक आणि मळकट पिवळं व्हायचं, घेर पडायचा कसा तर पुठ्ठ्यासारखा. आता विचार करा, ज्या मुलीची सगळी ओळख, सगळी कमाई, हलकेपणावर उभी आहे, जिच्याबद्दल टीकाकार लिहिणार ते घेर कसा हलला यावर, तिला आपण म्हणणार की जड मळका झगा घालून नाच आणि पडेल ते भोग. ज्योतींना जाळी बसवणं, मुली उभ्या राहतात तिथून दिवे लांब नेणं, हे विशीतल्या मुलीच्या हातात नव्हतं, ते थिएटर चालवणाऱ्यांच्या हातात होतं. हलकेपणाची मागणी सगळ्यांची होती, प्रेक्षकांची, टीकाकारांची, मालकांची, आणि किंमत मात्र एकीने मोजली. मी तिला दोष देणार नाही.

तिच्या त्या दिवशीच्या कपड्यांचे जळके अवशेष पॅरिस ऑपेराच्या ग्रंथालय-संग्रहालयात जपून ठेवले आहेत.

मग तो आखूड, आडवा, ताटलीसारखा झगा कधी आला?

हळूहळू. इटालियन पद्धतीत तंत्र अवघड होत गेलं, गिरक्या वाढल्या, टोकाचे बूट कडक झाले, मग पाय पूर्ण दिसणं गरजेचं झालं. १८८५ मध्ये इटालियन नर्तकी व्हर्जिनिया झुक्की रशियात गेली तेव्हा तिने घेर आखूड करायचा हट्ट धरला. चित्रकार देगाची १८७० च्या दशकातली चित्रं पाहिलीत तर मधली पायरी दिसते, झगा अजून गुडघ्याखाली आहे पण फुगून वर यायला लागलाय. पुढे १९०७ ते १९०९ च्या दरम्यान रशियन नृत्यरचनाकार फोकिनने शोपँच्या संगीतावर ले सिल्फीद हा वेगळाच बॅले उभा केला आणि ताल्योनीचा लांब पांढरा झगा मुद्दाम परत आणला.

मुलीच्या बॅले क्लासच्या शोसाठी तसा झगा शिवायचाय, काय करू?

हल्ली नायलॉनची जाळी मिळते, दोन प्रकार घ्या, आतल्या थरांना जरा कडक आणि सगळ्यात वरच्या थराला मऊ. कमरेवरून खाली येणाऱ्या घट्ट पट्टीला सगळे थर चुण्या घालून जोडा, पण चुण्या कमरेवर न घेता नितंबाच्या वरच्या रेषेवर घ्या, नाहीतर मुलगी जाड दिसते आणि घेर नीट पडत नाही. लांबी पोटरीच्या मध्यावर, आणि मोजताना मुलीला चवड्यांवर उभं करा. पांढराशुभ्र घेण्यापेक्षा किंचित दुधी घ्या, हल्लीच्या एलईडी दिव्यांत शुभ्र पांढरं निळं मारतं.

आणि हात जोडून सांगते, कार्यक्रमात दीपप्रज्वलन असेल तर या झग्यातल्या मुलींना समईच्या आसपास उभं करू नका, हातात पणत्या तर नकोच नको. नायलॉन पेटलं की वितळून कातडीला चिकटतं. फोटो छान येतो म्हणून हे करणारे लोक आहेत, त्यांना स्पष्ट नाही म्हणा.

त्या काळाच्या सगळ्यात जवळचं असं आज काय बघता येईल?

कोपनहेगनचं ला सिल्फीद. ऑगस्ट बूर्नोनव्हिलने १८३६ मध्ये नव्या संगीतावर ते स्वतःच्या पद्धतीने बसवलं, ल्युसिल ग्रानसाठी, आणि रॉयल डॅनिश बॅलेने ते आजवर चालू ठेवलंय. पॅरिसची मूळ रचना हरवली होती, ती पिएर लाकोतने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जुन्या कागदांवरून पुन्हा उभी केली. दोन्ही बघा आणि फक्त घेराकडे लक्ष ठेवा, डॅनिश प्रयोगात उड्या जास्त आहेत त्यामुळे कापडाचं काम तिथे जास्त चांगलं कळतं. आणि १८४५ च्या पा द कात्र या चौघींच्या नाचाचं, शालोंच्या चित्रावरून केलेलं लिथोग्राफ (दगडी छापाचं चित्र) शोधा: ताल्योनी, ग्रिसी, चेरितो आणि ग्रान, लंडनमध्ये एकाच स्टेजवर, चौघी एकसारख्या फिक्या गुलाबी झग्यात. कुणी मोठी कुणी छोटी दिसू नये म्हणून पोशाख सारखा, फरक काय तो फक्त डोक्यातल्या आणि अंगावरच्या फुलांचा.